आईच्या नावावरची खोली

माझं काम लेबलं तपासायचं. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत औषधाच्या एका कारखान्यात मी पॅकिंग विभागात आहे. बॅच नंबर, तारीख, सह्या, सगळं जुळल्याशिवाय माझ्या हातून एक खोकं पुढे जात नाही. कुणी कागदावर काही खोडलं असेल तर खोडलेल्या जागी बारीक सही हवी आणि बाजूला तारीख हवी. नसेल तर मी अख्खा कागद परत पाठवते. माझ्यामागे लोक मला काय म्हणतात ते मला माहीत आहे. ‘नाकाने कांदे सोलते’ हे त्यातल्या त्यात सभ्य.

अशा माझ्या हातून आईच्या घराच्या अर्जाला एक कागद जोडला गेला आणि त्याच कागदाने आईचं घर बुडवायला काढलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

आई बोईसरला ज्या खोलीत राहते तिथे मी सहावीपासून वाढले. मनोरच्या पलीकडच्या डोंगरातलं आमचं गाव. पावसावर पिकणारा जमिनीचा तुकडा होता, तो चुलत्यांच्या वाट्याला ठेवून बाबा कारखान्यात माल चढवायला आले आणि आम्हाला घेऊन आले. दहा खोल्यांची पत्र्याची चाळ, टोकाला नळ. मालक किनाऱ्याकडच्या गावातले, चिकूच्या वाडीवाले. आई त्यांना दादा म्हणते, ते आईला ताई म्हणतात, म्हणून माझे ते मामा. बाबांना ॲटॅक आला तेव्हा दवाखान्यात न्यायला गाडी त्यांनीच आणली होती. बाबा वाचले नाहीत, पण ती गाडी आई विसरली नाही. करार, भाड्याची पावती, असलं काही आमच्यात कधी झालं नाही. मामांकडे पावती मागायची म्हणजे त्यांच्या तोंडावर त्यांना खोटं म्हटल्यासारखं वाटायचं.

बाबा गेल्यावर आई कंपनीच्या कँटीनमध्ये चपात्या लाटायला लागली. माझं लग्न झालं, मी बोईसरच्याच दुसऱ्या टोकाला सासरी गेले. आमच्याकडे चल म्हटलं की आई म्हणते, “जावयाच्या घरी पावणी बरी, भाडेकरीन नाय.” खोलीचा मात्र तिला भारी सोस. एकदा तिने स्वतःच्या बोनसमधून खोलीत लादी बसवली. मी तणतणले, “भाड्याच्या खोलीला कुणी लादी बसवतं का? उद्या निघायला सांगितलं तर उचलून नेणार आहेस?” ती फरशी पुसत राहिली. मग एका वर्षी खिडकीला सिमेंटचा ओटा केला, एका वर्षी दाराची चौकट बदलली. मी दर वेळी भांडले आणि ती दर वेळी गप्प बसली. मला वाटायचं, बाई भोळी आहे.

गेल्या वर्षी मामांच्या मुलाने जागा बिल्डरला द्यायची ठरवली. पुढच्या दिवाळीपर्यंत खोल्या रिकाम्या करा, असा तोंडी निरोप चाळीत फिरला. आईचं वय आता साठीला टेकलेलं. बोईसरला खोल्यांचं भाडं कँटीनच्या पगारात मावेल असं राहिलेलं नाही. त्याच सुमारास सरकारी घरांची सोडत निघाली, कमी उत्पन्नवाल्यांसाठी. मी रजा टाकली आणि आईला स्टेशनजवळच्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात नेऊन बसवलं.

“राहण्याचा पुरावा लागेल,” दुकानदार म्हणाला. “जुना, बाईंच्या नावाचा.”

लाईटबिल मामांच्या नावावर. करार नाही, पावती नाही. मी आईकडे बघितलं.

“एक हाय,” ती म्हणाली. “पर तो नको.”

“नको म्हणजे काय? कसला आहे?”

“घरपट्टीची पावती.”

घरपट्टी आई भरते हेच मला पहिल्यांदा कळलं. मामांनी सांगितलं असेल भरायला, आमच्याकडे कशालाच नाही म्हणायची सवय नाही. मी तिला रिक्षात घालून परत खोलीवर नेलं. देवांच्या फळीमागे प्लास्टिकच्या पिशवीत बारा वर्षांच्या पावत्या होत्या, सुतळीने बांधलेल्या. प्रत्येकीवर आईचं नाव. मी हरखले. ह्याहून पक्का पुरावा कोणता असणार? आई पिशवी सोडेना. कागद घराबाहेर जायचा म्हटलं की तिच्या जिवावर येतं, हे मला ठाऊक होतं, म्हणून मी जवळजवळ हिसकावूनच वरची पावती घेतली.

मग प्रतिज्ञापत्र. मी मोठ्याने वाचलं, “माझ्या किंवा माझ्या कुटुंबीयांच्या नावे कोठेही पक्के घर नाही.” आईने पेन हातात धरलं आणि थांबली.

“असं लिवाच लागंल?”

“अगं नाहीच आहे, तर लिहायला काय जातंय?” मी खेकसले. दुकानात मागे माणसं खोळंबली होती.

तिने सही केली. आईची सही मोठी, एकेक अक्षर सुटं. वाचायला ती कँटीनच्या फळ्यावर शिकली, रोज काय भाजी ते वाचून.

सोडतीत तिचा नंबर लागला. आमच्या घराण्यात आजवर कुणाला लकी ड्रॉमध्ये प्लास्टिकची बादलीही लागलेली नाही, त्यामुळे मी फोनवर यादीतलं नाव चार वेळा वाचलं. माझ्या सासूबाईंनी साखर वाटली. तिसरा मजला, एक खोली, स्वयंपाकघर, आत संडास. आईला मी सांगितलं की आता नळावर रांग नाही. ती हसली, पण जरा उशिरा हसली.

आणि दोन महिन्यांनी पत्र आलं. अपात्र. कारणाच्या जागी एकच ओळ: अर्जदाराच्या नावे पक्के घर असल्याचे आढळून आले. हरकत असल्यास पंधरा दिवसांत पुराव्यासह कळवावे.

मी ते पत्र हातात घेऊन उभी होते आणि मला हसू आलं. खरंच आलं. कुठल्या तरी दुसऱ्या बाईचं पत्र चुकून आमच्याकडे आलं, अशी माझी खात्री होती. माझ्या आईच्या नावावर पातेल्यांपलीकडे काही नाही.

पालघरच्या कार्यालयातल्या कारकुनाने फाईल काढली. भला माणूस होता, वैतागला नाही. त्याने मी जोडलेली पावती माझ्यासमोर ठेवली आणि नावाच्या आधीच्या छापील शब्दांवर बोट टेकवलं. ‘मालक / भोगवटादार’. त्यातल्या ‘भोगवटादार’वर, म्हणजे नुसता राहणारा, त्या शब्दावर निळ्या पेनाची एक रेघ होती. राहत होता तो ‘मालक’, आणि त्यापुढे आईचं नाव.

“पंचायतीतून उतारा मागवला आम्ही,” तो म्हणाला. “त्यातही तेच आहे. खोली तुमच्या आईच्या मालकीची लागली आहे.”

त्या रेघेपाशी सही नव्हती. तारीख नव्हती. कारखान्यात असा कागद मी दहा फुटांवरून पकडला असता. इथे मी तो स्वतःच्या हाताने, खुशीत, पुरावा म्हणून लावला होता.

मी तशीच बसने परत बोईसरला आले आणि आमची चाळ आणि मामांची वाडी ज्या एकाच पंचायतीत मोडतात तिथे गेले. ग्रामसेवक नवीन होता. त्याने रजिस्टर उघडून माझ्याकडे फिरवलं. आमच्या चाळीच्या दहा खोल्या, दहा ओळी. पहिल्या खोलीतला बिहारचा वेल्डर मालक. तिसरीतली शिवणकाम करणारी बाई मालक. सातवीत आई मालक. मामांचं नाव त्या पानावर कुठेच नव्हतं.

“असं कसं होईल?” मी विचारलं. “चाळ तर त्यांची आहे.”

“मी यायच्या आधीच्या नोंदी आहेत. अर्ज जोडलेले आहेत, सह्यांसकट.”

त्याने आईचा अर्ज दाखवला. सही तिचीच होती, सुट्या अक्षरांची. मला ती दुपार आठवली. खोल्यांना वेगळे मीटर घ्यायचे म्हणून मामा कागदांचा गठ्ठा घेऊन आले होते, चाळभर सगळ्यांनी सह्या केल्या होत्या आणि आईने त्यांना चहा दिला होता. वेगळे मीटर काही आले नाहीत.

“पण त्यांना ह्यातून काय मिळालं?”

ग्रामसेवकाने फक्त भिंतीकडे बघितलं. भिंतीवर घरकुलांच्या लाभार्थ्यांची जुनी यादी होती, कडा पिवळ्या पडलेली. मी वरून खाली वाचत गेले. चौथं नाव मामांचं.

ज्याच्या नावावर पक्कं घर आहे त्याला घरकुल मिळत नाही. राहतं घर मुलाच्या नावावर होतंच, म्हणून मामांनी दहा खोल्या भाडेकरूंच्या नावावर केल्या आणि स्वतः कागदावर बेघर झाले. ते घरकुल मी पाहिलेलं होतं, त्यांच्या वाडीच्या कडेला आहे. दारावर योजनेचं आणि त्यांचं नाव रंगवलेलं, आत चिकूचे रिकामे क्रेट रचलेले. ते बांधत होते तेव्हा मामींनी आईला बोलावलं होतं, भिंतींवर पाणी मारायला. कँटीनमधून सुटून आई पंधरा दिवस तिथे जायची. परत येताना पिशवीत चिकू असायचे. मी ते चिकू खाल्लेत. राग नंतर आला, आधी नुसतं बधिर वाटत होतं.

संध्याकाळी मी मामांना फोन केला. सगळं ऐकून घेतलं त्यांनी. मग म्हणाले, “अगं पोरी, नुस्तं कागदावर हाय ते. कोनाचं काय गेलं त्याच्यात?”

“आईचं घर गेलं, मामा. ती चाळ तुमची आहे असं लिहून द्या. बाकी मला काही नको.”

“तसं कसं लिवून देऊ? मंग माजं घरकुल परत नाय का मागनार?” थोडं थांबून ते म्हणाले, “ताईला सांग, दादा हाय. काय तरी करू.” ज्याला आयुष्यभर मामा म्हटलं त्या माणसाला मी त्यानंतर कशानेच हाक मारलेली नाही.

पालघरच्या कोर्टात मोफत कायदेशीर सल्ला मिळतो, असं कँटीनमधल्या एका बाईने सांगितलं. मी आईला घेऊन गेले. तिला तोवर मी एवढंच सांगितलं होतं की कागदात घोळ झाला आहे आणि तो निस्तरायचा आहे. वकीलबाई माझ्याच वयाच्या होत्या. त्यांनी उतारा वाचला, पावत्या उलटसुलट केल्या.

“ही नोंद घरपट्टी गोळा करण्यापुरती असते,” त्या म्हणाल्या. “हिच्यावरून मालकी सिद्ध होत नाही. जमीन त्यांची, सातबारा त्यांचा. ही खोली तुमच्या आईंची आहे असं कोर्टात ह्या कागदावर म्हणता येणार नाही.”

“मग ह्याच कागदावर घर नाकारलं कसं?”

“नाकारायला पुरतो,” त्या म्हणाल्या.

जो कागद घर द्यायला कमी पडतो तोच घर हिरावून घ्यायला पुरेसा होतो, हे त्या रोज कुणाला ना कुणाला सांगत असणार. त्यांच्या आवाजात आश्चर्य नव्हतं. सगळं आश्चर्य माझ्या एकटीच्या वाट्याला आलं होतं.

मग त्यांनी सांगितलं ते मी रिक्षात मिळालेल्या जाहिरातीच्या कागदामागे लिहून घेतलं, कारण पर्समध्ये दुसरा कागद नव्हता. भाड्याची पावती मागणं हा भाडेकरूचा हक्क आहे. करार लेखी करून नोंदवायची जबाबदारी मालकाची. कोर्टाच्या हुकुमाशिवाय, नुसत्या तोंडी निरोपावर कुणी बाहेर काढू शकत नाही, पाणी आणि लाईट तोडू शकत नाही. ह्यातलं एक अक्षर मला माहीत नव्हतं. औषधाच्या बाटलीवरच्या टिंबाएवढ्या अक्षरासाठी मी भांडते, आणि ज्या छपराखाली मी वाढले त्याचा एकही नियम मी कधी कुणाला विचारला नव्हता.

“सोडतीतलं घर हवं असेल,” वकीलबाई म्हणाल्या, “तर मावशींनी पंचायतीत जबाब द्यायचा. खोली आपली नाही, चुकीने नाव लागलं, खरा मालक कोण ते सांगायचं. त्यावर ग्रामसेवक पाहणी करून दाखला देईल. तो जोडा. मुदत आहे अजून.”

तेवढ्यात आई पहिल्यांदा बोलली. “म्हंजे ती खोली माजी नाय?”

“नाही, मावशी.”

“कदीच नव्हती?”

“नव्हती.”

आईने पावत्यांची चळत गोळा केली, तिला सुतळी बांधली आणि पिशवी पोटाशी धरली. मला वाटलं, बाईला सगळं उशिरा समजलं. परतीच्या वाटेवर मी उत्साहात तिला समजावत होते, काय बोलायचं, कुणापुढे बोलायचं. ती खिडकीबाहेर बघत होती.

खोलीवर आल्यावर तिने पिशवी देवांच्या फळीमागे ठेवली नाही. जमिनीवर, लादीवर ठेवली आणि शेजारी बसली.

“मना म्हायत होता,” ती म्हणाली.

“काय माहीत होतं?”

“मालक लिवलंय त्ये. पैल्या पावतीवरच वाचलं मी.”

मी उभीच होते. कुकर लावायला घेतला होता, तो हातात तसाच राहिला.

“बारा वर्षं? आणि बोलली नाहीस? मामांना विचारायचं नाही?”

“इचारलं असता तर त्यांनी खोडून टाकला असता.”

“मग भाडं कशाला देत राहिलीस?”

“भाडा नाय दिला असता तर दादाला कळला असता, मना म्हायत हाय म्हनून.”

हे ती इतक्या शांतपणे बोलली की घर आपलं समजून त्याचंच भाडं भरणं विचित्र आहे हे मला आधी सुचलंच नाही. मग हळूहळू एकेक गोष्ट जागेवर बसत गेली. लादी, खिडकीचा ओटा, चौकट. पत्रा गळला तरी मामांकडे तक्रार न करता स्वतः डांबर आणून लावणं. भाडेकरू असती तर तिने मालकाकडे दुरुस्ती मागितली असती. ती मागत नव्हती, कारण तिच्या हिशेबाने ती स्वतःच्या घराची डागडुजी करत होती. दादा आहेत तोवर गप्प राहायचं, त्यांच्या माघारी कागद बोलेल, असं तिने मनाशी ठरवलं होतं. कॉम्प्युटरच्या दुकानात पेन हातात धरून ती थांबली होती ती सही करायला घाबरून नाही. तिला घर होतं आणि मी तिला नाही म्हणून लिहायला लावत होते.

“तुझ्यासाटी केली सही,” ती म्हणाली. “तू रजा टाकली व्हती ना.”

मी तिच्याशेजारी लादीवर बसले आणि रडले. भोळी आई नव्हती. बारा वर्षं मी जिच्यावर तणतणत होते ती बाई बारा वर्षं घरमालकीण होती, आणि ते घर मी एका अर्जात घालवलं होतं.

चाळीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. मला वाटलं होतं, बाकीचे नऊ जण चवताळून उठतील, आमच्याबरोबर पंचायतीत येतील. कुणी आलं नाही. शिवणकाम करणाऱ्या बाईने दार अर्धं लोटून विचारलं, “पण पावती खोटी तर नाही ना?” तिच्या मागे, मशीनच्या खणात, मला सुतळी दिसली. तिनेही पावत्या जपून ठेवल्या होत्या. पुढच्या दोन दारांतही असाच दबक्या आवाजात तोच प्रश्न आला.

मुदतीला चार दिवस उरले असताना आम्ही पंचायतीत गेलो. मामा दारात उभे होते. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. आईला म्हणाले, “ताई, माजा नाव नको घेऊ.”

आई थांबली. “गाडी तुमी आनली व्हती, दादा, त्ये मी मरंपर्यंत इसरनार नाय,” ती म्हणाली. “पर खोली कोनाची म्हनून इचारतील. मना दुसरा नाव म्हायत नाय.” आणि ती आत गेली.

ग्रामसेवकाने जबाब टाईप करून वाचून दाखवला. सदर चाळीचे मालक अमुक, मी केवळ भाडेकरू म्हणून राहत आहे, सदर खोली माझ्या मालकीची नाही व कधीही नव्हती. त्याने कागद आईपुढे सरकवला.

आईने स्वतः सगळं वाचलं, बोट ठेवून. शेवटच्या ओळीवर बोट थांबलं.

“‘नाय’ एवडा ऱ्हाऊ द्या,” ती म्हणाली. “कदीही नव्हती, त्ये काडा.”

“मावशी, मजकूर असाच असतो. अर्थ तोच होतो.”

“मना म्हायत हाय. पर काडा.”

तो माझ्याकडे बघायला लागला, शिकलेल्या लेकीने आईला समजवावं म्हणून. मुदत चार दिवसांवर, घर तिसऱ्या मजल्यावर वाट बघत असलेलं, आणि काम खोळंबलं की मी आईवर कशी खेकसते ते मी सांगितलंच आहे. मी म्हटलं, “ती सांगते तसं करा. त्याने दाखल्याला काही बाधा येत नसेल तर काढा ते शब्द.”

प्रिंटर तेवढ्यात बंद पडला होता. त्याने उसासा टाकून पेन घेतलं आणि ‘व कधीही नव्हती’ ह्या शब्दांवर निळी रेघ मारली. पात्रतेचं पत्र पुढे महिन्याभराने आलं. मामांच्या घरकुलाची चौकशी चालू आहे म्हणतात. आई आता तिसऱ्या मजल्यावर राहते आणि तिच्या स्वयंपाकघरात मी बसवून देते म्हणायच्या आधीच तिने स्वतः नवी लादी बसवून घेतली होती. पण त्या दिवशी पंचायतीत मला एवढंच दिसत होतं की कागदावर खोडाखोड झाली आहे आणि तिच्यापाशी कुणाची सही नाही. मी आईला जागा दाखवली. तिने त्या रेघेशेजारी आपलं नाव लिहिलं, पूर्ण, एकेक अक्षर सुटं, आणि मी बाजूला तारीख घातली.